जुन्या मोटरसायकलचं जाम इंजिन सोडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. भर यझदी-जावा, आरएक्स १००, आरडी ३५० (या सगळ्या टू-स्ट्रोक) आणि जुनी कास्ट आयर्नची बुलेट (फोर-स्ट्रोक) यांच्यावर आहे. एक हिशेब आधीच मनाशी पक्का करा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, स्टड, ऑइल सील नवे मिळतात. चेंबर (क्रँक ज्यात बसतो ती इंजिनाची खालची पेटी), सिलिंडर आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) चांगल्या अवस्थेत मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. अडचण आली की पहिल्या गटातल्या भागाचा बळी द्यायचा आणि दुसऱ्या गटातला भाग वाचवायचा.

किक खालीच जात नाही. म्हणजे पिस्टन जाम आहे का?

असेलच असं नाही. यझदी-जावामध्ये किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. एकात एक बसलेल्या त्या शाफ्टमध्ये पाणी शिरून गंज धरला की किक हलत नाही, पण क्रँक मोकळा असू शकतो. म्हणून आधी गाडी न्यूट्रल करा, प्लग काढा, मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या, वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं कव्हर उघडा आणि क्रँकच्या टोकाच्या नटावर गोटीपाना लावून हाताने अंदाज घ्या.

क्रँक फिरला तर दुखणं किकमध्ये आहे. क्रँक थोडासा फिरून दोन्ही बाजूंना टणकन अडत असेल, तर आत काहीतरी तुटून पडलेलं असण्याची शक्यता मोठी. मग जोर न लावता इंजिन उघडणं एवढाच मार्ग आहे. अजिबातच हलत नसेल तर पिस्टन नाहीतर क्रँकचं बेअरिंग धरलं आहे.

प्लगच्या भोकातून टॉर्च मारून किंवा मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सोडून आत बघा. तपकिरी भिंत म्हणजे गंज. राखाडी, उभे ओरखडे म्हणजे गाडी चालताना गरम होऊन पिस्टन धरला होता. भिंत स्वच्छ आणि चकचकीत असूनही पिस्टन अडला असेल, तर बहुधा जुनं ऑइल चिकट होऊन सुकलं आहे आणि ते दोन-तीन दिवसांत सुटतं. पुढे काय करायचं हे या फरकावर ठरतं, तेव्हा इथे घाई करू नका.

गिअरमध्ये टाकून गाडी ढकलली तर सुटेल ना?

पळवत नेऊन झटका देऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये गंजाने धरलेली रिंग पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) कडेवर अडकून तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडर खरवडतो. किकवर उभं राहणंही तितकंच वाईट, कारण त्यात किकच्या गिअरचे दात जातात.

इंजिन चारेक दिवस मुरल्यानंतर मात्र एक सौम्य प्रकार चालतो. प्लग काढून टॉप गिअर टाका, गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे डोलवा. टॉप गिअरच का, तर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत वाढून येतो, पण उलट दिशेने चाकाचा जोर क्रँकपर्यंत पोचताना तितकाच घटतो. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये चाक डोलवून हाती काहीच लागत नाही.

आत काय ओतायचं आणि किती दिवस ठेवायचं?

५० मिली ॲसिटोन आणि ५० मिली ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल, म्हणजे एटीएफ. दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली जोरात हलवा. ॲसिटोन पातळ असल्यामुळे तेलाला फटीत घेऊन जातो आणि स्वतः उडून जातो, तेल आत उरतं. डिझेल आणि रॉकेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. डब्ल्यूडी-४० बाहेरच्या स्क्रूंना ठीक आहे, पण सिलिंडरमध्ये मुरवत ठेवण्याइतकं ते टिकत नाही.

आरएक्स आणि आरडीचा सिलिंडर पुढे कललेला असतो, त्यामुळे तेल एकाच बाजूला साचतं. पुढचं चाक उचलून सिलिंडर शक्य तितका उभा करा, म्हणजे रिंगेच्या सगळ्या घेराला तेल मिळेल. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली असेल तर पोर्ट उघडे असतात आणि ओतलेलं सगळं सायलेन्सरमध्ये नाहीतर चेंबरमध्ये जातं. अशा वेळी सायलेन्सर काढा, पोर्टमध्ये तेलात भिजवलेली चिंधी कोंबा आणि वरून थोडं थोडं सोडत राहा. चिंधीचं टोक बाहेर राहू द्या, नाहीतर ती विसरली जाते.

पोर्ट झाकलेले असतील तर बारीक काडी घालून पातळी मोजून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती उतरलेली दिसली तर तेल रिंगांमधून वाट काढतंय, म्हणजे सुटण्याची आशा चांगली. चार ते सात दिवस रोज थोडी भर घाला. पातळी तसूभरही उतरत नसेल तर आणखी महिनाभर थांबून फारसा फायदा नाही, हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढा.

ॲसिटोन आत असताना कुठल्याही प्रकारे गरम करू नका. त्याची वाफ ठिणगीने पेटते.

मुरलं. आता किती जोर लावायचा?

क्रँकच्या नटावर ३० सेंटीमीटरचा पाना आणि एका हाताचा जोर. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. क्रँकच्या टोकाचे आटे गेले किंवा मॅग्नेटची चावी कापली गेली तर पिस्टनच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. एकाच दिशेने रेटू नका, घट्ट करायच्या दिशेने थोडं, सैल करायच्या दिशेने थोडं, असं डोलवा. केसभर जरी हललं तरी थांबा, तेल सोडा, रात्रभर ठेवा. पहिल्या हालचालीनंतर गंजाची भुकटी रिंगेखाली येते आणि तशीच फिरवली तर सिलिंडर ओरबाडते.

हेड काढलेलं असेल तर पिस्टनच्या डोक्यावर सागाचा किंवा बाभळीचा गोल ठोकळा ठेवा. ठोकळा सिलिंडरच्या व्यासापेक्षा ४-५ मिमी लहान हवा, म्हणजे ठोका डोक्याच्या मध्यावर न बसता कडेवरही वाटला जातो. अर्धा किलोच्या हातोडीने हलके, पण भरपूर ठोके द्या. गंजाची पकड एका मोठ्या दणक्याने सुटत नाही, पुन्हा पुन्हा बसणाऱ्या कंपनाने सुटते.

पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल तर ठोकूच नका. तेव्हा कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन एका रेषेत असतात. ठोक्याने क्रँक फिरत नाही, सगळा मार थेट बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगवर बसतो.

ग्रीस गनने पिस्टन ढकलतात म्हणे. ते सुरक्षित आहे का?

आहे, आणि ठोकण्यापेक्षा पुष्कळ बरं, कारण दाब पिस्टनवर सगळीकडे सारखा पडतो. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढायची, त्या लोखंडी खोळीत ग्रीस निपल ब्रेझिंग करून बसवायचं आणि प्लगच्या जागी आवळायचं. आधी सिलिंडरमध्ये तेल भरून घ्या म्हणजे ग्रीस कमी लागेल आणि आत हवा राहणार नाही.

यझदी-जावा २५० चा बोअर ६५ मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला ५० किलो दाब दिला तर पिस्टनवर १६५० किलोंच्या आसपास जोर येतो. आरएक्स १०० च्या ५० मिमी बोअरला तोच दाब ९८० किलो देतो. इंजिन चालू असताना इंधन जळून होणारा दाबही ढोबळमानाने याच घरातला असतो, त्यामुळे हेड आणि स्टड तेवढं सहन करतात. हाताची ग्रीस गन मात्र याच्या अनेक पट दाब तयार करू शकते. दांडा कडक लागायला लागला की थांबा, दाब तसाच ठेवून तासभर वाट बघा, सिलिंडरवर लाकडी हातोडीने टकटक करा.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनने सगळे पोर्ट झाकलेले असतील तरच हा उपाय चालतो, आणि पिस्टन खाली सरकून पोर्ट उघडला की ग्रीस बाहेर येऊन काम तिथेच संपतं. बुलेटमध्ये पुशरॉड काढून घ्या, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील. नंतर ग्रीसचा कणन् कण रॉकेलने धुऊन काढावा लागतो, तो वेळ धरून चाला.

ग्रीसऐवजी कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नका. हवा दाबली जाते आणि पिस्टन सुटताच एका क्षणात मोकळी होते. त्यात हात जातात.

हेड निघालं, पण सिलिंडर पिस्टनसकट अडला आहे. वर येत नाही.

पिस्टन मधेच कुठेतरी धरला असेल आणि क्रँकचं बेअरिंग मोकळं असेल, तर सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही एकत्र वर उचला. पिस्टन वर जाताना क्रँक फिरतो आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचेपर्यंत सिलिंडर चेंबरपासून सुटून वर येतो. आता क्रँक सर्वांत वरच्या स्थितीत आहे हे ध्यानात ठेवून सिलिंडर-पिस्टनची जोडी परत थोडी खाली आणा आणि उरलेल्या फटीत दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या सरकवा. सिलिंडरला असा आधार मिळाला की वरून ठोकळ्याने पिस्टन खाली काढता येतो.

स्क्रू ड्रायव्हर खुपसून सिलिंडरच्या पंख्या उचकटायच्या नाहीत. कास्ट आयर्नची पंखी काचेसारखी तुटते. आणि टू-स्ट्रोकचा सिलिंडर उपसताना डावीकडे-उजवीकडे पिळू नका. रिंगेची टोकं पिनेवर अडवलेली असतात ती याचसाठी, की ती पोर्टच्या खिडकीत जाऊ नयेत.

अगदीच ऐकत नसेल तर पिस्टनचा बळी द्या. डोक्याला भोकं पाडून, तुकडे करून काढा. चेंबरचं तोंड आधी चिंध्यांनी गच्च बंद करा.

भिंतीवर ॲल्युमिनियम चिकटलं आहे. बोअर करावाच लागेल का?

आधी ते काढून बघा. पुष्कळदा खाली सिलिंडर शाबूत असतो. कॉस्टिक सोड्याचं पाणी ॲल्युमिनियम खातं, लोखंडाला हात लावत नाही. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम सोडा टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, काम उघड्यावर करा. यझदी-जावा आणि बुलेटचा सिलिंडर सगळाच कास्ट आयर्नचा, तिथे काम सोपं आहे. आरएक्सला मात्र बाहेर ॲल्युमिनियम आणि आत लोखंडी लायनर असतो. तिथे कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा, बुडबुडे थांबले की भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच तेल लावा.

गंज काढायला लिंबूसत वापरा: लिटरला ५० ग्रॅम, दोन-तीन तास, दर अर्ध्या तासाने बघत. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग तेल.

स्क्रूची खाच गेली, स्टड तुटला. आता?

सर्वांत जास्त चेंबर इथेच खराब होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आरएक्स, आरडी, केबी १०० यांच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्सचे नसतात, जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. जपानी मापाचं बिट आणि हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर ही जोडी घ्या. ड्रायव्हर लावण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर पंच ठेवून दोन सरळ ठोके द्या, म्हणजे आट्यांमधली गंजाची पकड मोडते.

बुलेटवर वेगळीच अडचण येते. जुन्या बुलेटला ब्रिटिश आटे आहेत, त्यांना मिलिमीटरचे पाने ‘जवळपास’ बसतात आणि नटाचे कोपरे गोल करतात. व्हिटवर्थचे पाने मिळवाच. टायमिंग पिनियनच्या नटाला डावे आटे आहेत, तो नेहमीच्या दिशेने सोडायला गेलात तर आणखी आवळला जातो. नट हटत नसेल तर जोर वाढवण्याआधी आटे कुठल्या हाताचे आहेत हे तपासणं ही सवयच लावून घ्या.

स्टड बाहेर डोकावत असेल तर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्याला पाना लावा. आजूबाजूचं ॲल्युमिनियम हॉट एअर गनने गरम करा, स्टडला नको. सुरुवात किंचित घट्ट करण्यापासून करा, मग सैल. गरम असताना आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत ओढलं जातं.

स्टड पातळीत तुटला असेल तर त्याच्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. याआधी ब्रेक क्लिनर मारलेला असेल तर पूर्ण पुसून, वाळवून घ्या. काही क्लिनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं आणि त्याच्यावर वेल्डिंगची आच आली की विषारी वायू होतो.

ईझी आऊट शेवटी, आणि खरं तर नकोच. आधीच अडकून तुटलेल्या स्टडला बारीक भोकात घातलेली कडक पोलादाची पिन सोडवेल ही अपेक्षाच चुकीची. ती आत तुटली की ड्रिल तिच्यावर चालत नाही. त्यापेक्षा बरोबर मधोमध पंच करून ३, ४ आणि मग ४.८ मिमीने भोक वाढवा (६ मिमीच्या स्टडसाठी) आणि उरलेला आट्यांचा पापुद्रा टोकदार हत्याराने सोलून काढा. भोक एका बाजूला सरकतंय असं दिसलं तर तिथेच थांबा आणि मिलिंग मशीनवर न्या.

ड्रिल, टॅप किंवा ईझी आऊट ॲल्युमिनियममध्ये तुटलं असेल तर किराणा दुकानातली तुरटी कामाला येते. एक लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम तुरटी विरघळवा, भाग त्यात बुडवून पाणी उकळीच्या थोडं खाली ठेवा. तुरटीचं पाणी पोलाद हळूहळू खातं, ॲल्युमिनियमला फारसा धक्का लावत नाही. तुकड्याच्या आकाराप्रमाणे एक ते काही दिवस लागतात, पाणी आटेल तशी भर घालावी लागते. भांडं काचेचं घ्या, खोली हवेशीर ठेवा. भागातले बेअरिंग, डॉवेल, लायनर असं सगळं लोखंडी आधी काढलेलं हवं, नाहीतर तेही खाल्लं जाईल.

बेअरिंग चेंबरमधून ठोकून काढू का?

नका. गरम करा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६३०५ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिमी असतो. चेंबर ८० अंशांनी तापलं की त्याचं घर साधारण ०.११ मिमीने मोठं होतं आणि बेअरिंगही सोबत तापलं तरी ते ०.०६ मिमीनेच वाढतं. उरलेली ०.०५ मिमीची मोकळीक बेअरिंग आपोआप गळून पडायला सहसा पुरते. थंड चेंबरमधून ठोकलं तर घर ओरखडतं, नवं बेअरिंग त्यात सैल बसतं आणि चालताना बाहेरची कडी फिरायला लागते.

चेंबर आधी पेट्रोलच्या वासापुरतंही ओलं राहणार नाही असं धुऊन वाळवा. मग ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर जाड पत्रा ठेवून त्यावर, ११० ते १२० अंशांपर्यंत न्या. थेंबभर पाणी टाकल्यावर चुर्र करून लगेच उडालं पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं, कमी तापमान दाखवतो, म्हणून तिथे काळ्या मार्करने ठिपका काढून त्यावर मोजा. एकाच जागी ज्योत धरली तर चेंबर वाकतं.

चेंबरचे दोन भाग वेगळे करताना मधल्या सांध्यात काहीही खुपसू नका. सुटत नसेल तर एखादा लपलेला स्क्रू राहिला आहे का ते आधी बघा. मॅग्नेटला त्याच्याच मापाचा पुलर लावा, तीन पायांचा कडेला धरणारा नको. आणि क्रँकच्या टोकावर हातोडी चालवू नका. टू-स्ट्रोकचा क्रँक दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असतो, एका ठोक्याने त्याची रेषा बिघडते.

पिस्टन पिन निघत नाही.

दोन्ही लॉक काढले ना? मग पिस्टनभोवती उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळा आणि बोल्ट-नळीचा साधा पुलर करून पिन ओढून काढा. आडवं ठोकलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कार्ब्युरेटरचा स्लाइड अडकला आहे.

उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच काढा. ज्योत लावू नका. हे जस्ताचं मिश्रण आहे, ३८०-३९० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी वाकतं. आतली पांढरी पूड गंजाची असते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवा.

क्लच प्लेट एकमेकींना चिकटल्या आहेत.

स्प्रिंगा काढा, प्लेटा तेलात भिजवा, पातळ बोथट पट्टीने घेर फिरत सोडवा. यझदी-जावाच्या कॉर्कच्या प्लेटा तुटतातच, त्यांचा विचार करू नका. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बघा. कडेखाली ०.१ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जात असेल तर ती बदला.

गाडी पुरात बुडाली होती. वेगळं काही?

हो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या पुरात बुडालेल्या अनेक गाड्यांसारखं इंजिनात बारीक गाळ शिरलेला असेल, तर आधी फिरवायचंच नाही. गाळ म्हणजे घासायची पावडर. ड्रेन प्लग उघडा, डिझेलने पुन्हा पुन्हा धुवा, आणि बाहेर येणारं डिझेल स्वच्छ दिसलं तरी चेंबर उघडाच. मेन बेअरिंगच्या मागे साठलेला गाळ धुण्याने निघत नाही.

पुण्यात सामान आणि मशीनचं काम कुठे होईल?

सुट्या भागांसाठी नाना पेठ. जाताना जुना भाग सोबत न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेलं बेअरिंग किंवा सील बदलून आणायची वेळ येते. व्हिटवर्थ पाने, जुने पुलर, इम्पॅक्ट ड्रायव्हर यांच्यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर चक्कर मारा. पान्याचे जबडे फाकलेले नाहीत ना ते तिथेच बघून घ्या. मिलिंग, लेथ आणि तुटलेला टॅप ठिणगीने जाळून काढणारं स्पार्क इरोजन भोसरी एमआयडीसीत शोधा. सिलिंडर बोअरिंगला देताना नवा पिस्टन आधी हातात हवा, बोअर पिस्टनच्या मापाने होतो.

इंजिन सुटलं, मोकळं फिरतंय. चालू करून बघू का?

नाही. ज्या ओलाव्याने रिंगा धरल्या तोच बिग एंडच्या रोलरवर बसलेला असतो. रोलरवर सुईच्या टोकाएवढा खड्डा असला तरी काही किलोमीटरमध्ये बेअरिंग विस्कटतं आणि जो सिलिंडर वाचवायला एवढे दिवस घालवले तोच जातो.

बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा. फरक ०.०५ मिमीच्या पुढे असेल किंवा नखाला लागेल असा खड्डा असेल तर पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मिमीला जा. नव्या रिंगेचं तोंड (सिलिंडरमध्ये बसवल्यावर तिच्या दोन टोकांमधली फट) बोअरच्या दर २५ मिमीमागे ०.१ मिमी या ढोबळ हिशेबाने बघा, ६५ मिमीला साधारण ०.२५ मिमी. ऑइल सील सगळे नवे, न बघता. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा सील हवा खेचत असेल तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पुन्हा धरतो.

जोडताना स्टड आणि प्लगच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, आणि मग आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवा, कारण ग्रीस लावलेले आटे त्याच जोराला जास्त ताणले जातात.

चेंबर फुटलंच. दुसऱ्या गाडीचं घालू?

इंजिन नंबर चेंबरवर कोरलेला असतो आणि तो आरसीवर नोंदलेला असतो. नंबर असलेला अर्धा भाग वाचत असेल तर आधी आर्गॉन वेल्डिंगने तो दुरुस्त होतो का ते बघा. बदलावाच लागला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. विकणाऱ्याकडून त्या जुन्या इंजिनाची पावती आणि आरसीची प्रत मिळत नसेल तर ते चेंबर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आणि जुना नंबर घासून त्यावर आपला नंबर ठोकून देणारे भेटतात, त्यांच्याकडे गाडी सोडू नका. तो गुन्हा आहे आणि पुढच्या नोंदणीच्या वेळी गाडीच अडकते.